सांडणार ते धरून

पहिल्यांदा कौतुकच झालं.
सदलग्याच्या गल्लीत सन्मती चालायला लागला
तो असा, की पायाखालचा पाट
कुणी हळूच सरकवतंय.
"बापावर गेलाय, पोलवर चढायची घाई,"
समोरची इंदूअक्का म्हणाली.

तीन वर्षं झाली, चार झाली,
पाट सरकायचा थांबला नाही.

सर्दी गेली की खोकला, खोकला गेला की कान.
डोळ्यांच्या पांढऱ्यात तांबड्या रेघा,
बारीक, मुळांसारख्या.
शाळेतून चिठ्ठी आली: डोळे आलेत, घरी ठेवा.
आठ दिवस गुलाबपाणी घातलं. मग महिनाभर.
रेघा राहिल्या. शाळा गेली.

बोलणं जड झालं तेव्हा अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या,
घरात मराठी, दारात कन्नड,
पोराची जीभ गोंधळलीय, एक काय ते ठरवा.
ठरवलं. दोन महिने कन्नड दाराबाहेर ठेवलं.
जीभ तरी अडखळायची तिथंच अडखळली.

बेळगावच्या डॉक्टरांनी कागदावर डोकं काढलं,
त्यात मागं, मानेच्या वर, फुलकोबीचा गड्डा.
हा लहान मेंदू. तोल याच्याकडं.
हा झिजत चाललाय, आणि रक्तातली राखणही कमी पडतीय,
दोन्हींचं मूळ एकच,
एक अक्षर चुकलेलं, दोघांकडून आलेलं.

भूपाल वीजमंडळात लाइनमन. त्यानं विचारलं,
"साहेब, फॉल्ट लाइनीत का डीपीत?"
डॉक्टर जरा थांबले.
"डीपीत."
"बदलून मिळती का?"
पंख्याचा आवाज तेवढा होता.

दोघांकडून.
परतीच्या गाडीत आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही.
मी त्याच्या आत्याची लेक.
अक्षता पडल्या तेव्हा सगळे म्हणाले, घरचं सोनं घरात.
त्याची आजी तीच माझी आजी.
संकेश्वर येईपर्यंत मी तिच्या मागची नावं आठवत होते,
कुणाच्या पदराला हे अक्षर गाठ मारून आलं असेल,
आणि इतक्या जणींना
टोचलं कसं नाही.

खोकल्यासाठी एक्स-रे लिहून दिला
की मी पिशवीतला घड्या पडलेला कागद काढते.
अगदी गरज असल्याशिवाय चालत नाही ह्याला.
खिडकीतला पोरगा इंग्रजी वाचतो, मग माझ्याकडं बघतो.
"ब्याड री," मी सांगते.
तेवढं एक कन्नड
मला कुणी शिकवायला लागलं नाही.

महिन्यातून एकदा सुई.
बाटलीत पाण्यासारखं काहीतरी,
हजारो माणसांच्या रक्तातून गाळलेलं.
चार तास, थेंबाथेंबानं.
सन्मती विचारतो, एकेक शब्द विहिरीतून ओढून,
"ह्यात... कुठली माणसं?"
काय ठाऊक बाळा.
"निपाणीची?"
असतील. हुबळीची, कोल्हापूरची,
आपण नाव न ऐकलेल्या गावांची.
त्यांना येऊन गेलेला ताप, गोवर, खोकला,
त्या सगळ्याची ओळख तुझ्यात उतरतीय.
तो हसला. हसू मात्र पटकन येतं त्याला.
"म्हणजे... दुसऱ्यांनी केलेला... अभ्यास."

अकरा वर्षांचा आहे. खुर्ची आली, चाकांची.
डोकं लख्ख.
भूपाल संध्याकाळी मीटरचे आकडे वाचून दाखवतो,
हा युनिटचं गणित तोंडी करतो,
उत्तर आधी तयार असतं,
ओठांपर्यंत यायला त्याला उशीर लागतो.
आम्ही दोघं थांबतो.
थांबायला शिकलोय, बाकी काही नाही.

जेवताना मी पेला अर्धाच भरायची.
हात तोंडाकडं निघतो, मध्येच वाट चुकतो,
मागं येतो, पुन्हा निघतो.
ताटात पाणी, मांडीवर पाणी.

काल त्यानं पेला माझ्याकडं ढकलला.
मान आधी वळली, नजर मागून आली,
आणि आमटी निवायला लागली तेव्हा शब्द:
"पुरता भर, आई.
सांडणार ते... धरून."